दुसऱ्या ओळीतली बाई

“बाई, तुमचे पणजोबा सरदार नव्हते. सरपण विकायचे.”

समोरच्या बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. दिवाणखान्यात टांगायला त्या तलवारसुद्धा घेऊन बसल्या होत्या. “जरा नीट बघा ना,” त्या अजिजीनं म्हणाल्या.

“नीट बघूनच सांगतेय,” कंपाउंडरबाई म्हणाल्या. “आणि सरपणात वाईट काय आहे? सरदाराला अंघोळीचं पाणी कोण तापवून देणार होतं?”

बाईंना नको असताना हसू फुटलं. नोंद उतरवून घेऊन, तलवारीचं काय करायचं याचा विचार करत त्या गेल्या.

कंपाउंडरबाईंना सगळे कंपाउंडरबाईच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, आणि ज्यानं डॉक्टरांचं अक्षर पचवलं त्याला जगातलं कुठलंही अक्षर बाधत नाही. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा त्या मंगळवारी आणि शुक्रवारी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात येऊन बसत. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना जुन्या नोंदवह्यांतली नावं कशीबशी लागत, पण ‘धंदा’ या रकान्याशी आलं की सगळ्यांचं घोडं अडे. मग बाई भिंग काढत. मोबदला एक कप चहा, तोही बिनसाखरेचा.

आज मात्र त्या सकाळपासून दाराकडे बघत होत्या. गेल्या मंगळवारी त्यांच्या हातून चूक झाली होती.

पंच्याऐंशी वर्षांचे एक काका आले होते, सोबत त्यांचा पन्नाशीतला चुलत पुतण्या. रविवारी अख्ख्या कुटुंबाचा मेळावा होता, त्यासाठी पुतण्यानं भलीमोठी वंशावळ तयार केली होती. प्रत्येक नावाखाली धंदा लिहिलेला. फक्त काकांच्या आईच्या नावाखाली आडवी रेघ. वडील गेले तेव्हा काका दीड वर्षांचे, आई गेली तेव्हा सात वर्षांचे. मधली वर्षं दोघं मायलेकरं वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरी राहिली. ‘आम्ही तुम्हाला पोसलं’ हे वाक्य काकांनी त्या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की जेवताना भाजी पुन्हा मागायचं धैर्य त्यांना कधी झालं नाही.

“आई दिवसभर नदीवर जाऊन बसायची म्हणे,” ते म्हणाले होते. “दुःखानं. घरात काडीचं काम करत नसे, असं सांगायचे सगळे. तेवढं खरं की खोटं कळलं तर बरं.”

पुतण्यानं मोबाइलवर नोंदीचा फोटो दाखवला होता. बाईंनी तो मोठा करून पाहिला आणि सांगून टाकलं, “रकाना रिकामा आहे. हा शाईचा डाग.” काका “बरं” म्हणाले आणि छत्री घेऊन उठले. त्या एका ‘बरं’नं बाईंचा आठवडा नासवला. दुकानात असताना त्यांचा नेम होता: शंका आली की चिठ्ठी घेऊन थेट डॉक्टरांचं दार गाठायचं, अंदाजानं गोळी द्यायची नाही. आणि इथं फोटोवरून खुशाल निकाल दिला! शेवटी त्यांनी स्वतःहून फोन करून दोघांना बोलावून घेतलं आणि कपाटातून मूळ वही काढून घेतली.

काका आले, टोपी मांडीवर घेऊन बसले. पुतण्या घड्याळ बघत म्हणाला, “बाई, तक्ता उद्या छापायला द्यायचाय. लवकर उरका.”

“रेघ छापण्याची एवढी घाई?” बाईंनी वही उघडली.

ऐंशी वर्षांपूर्वीची शिरगणती. पान खिडकीकडे तिरपं धरताच बाईंना घाम फुटला. डाग कुठला! निबेनं कागद दाबून ओढलेल्या दोन छोट्या तिरप्या रेघा होत्या. फोटोत त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

“डिट्टो,” त्या म्हणाल्या. “वरीलप्रमाणे. आमचे एक डॉक्टर तर अर्धी चिठ्ठी अशाच रेघांनी भरायचे. वरच्या ओळीत कोण आहे? घराचे कर्ते. धंदा नावाडी.”

“ते माझे आजोबा,” पुतण्या म्हणाला. “पूल व्हायच्या आधी त्यांची नाव चालायची. पण त्या रेघांचा अर्थ नावाड्याच्या घरातली, एवढाच असेल.”

“मग तुमच्या आजीच्या नावापुढे का नाहीत? तिसऱ्या ओळीत आहेत त्या. चांगलं ठळक ‘घरकाम’ लिहिलंय.”

“कारकून कंटाळला असेल हो.”

बाईंना दुसरंच काहीतरी खटकत होतं. कर्त्याच्या खाली त्याची बायको सोडून भावाची विधवा कशी? त्या मागची पानं उलटू लागल्या. लोहाराचं घर: लोहार, दोन मुलगे, मग बायको, सुना, पोरं. विणकराचं घर: विणकर, त्याचा भाऊ, मग म्हातारी आई. धोब्याचं घर: नवरा, बायको, दोघं धोबी, मग चार मुलं. बावीस घरं झाली. चहावर साय धरली. काकांनी एकदाही ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही, पण मांडीवरची टोपी त्यांनी पार चुरगळून टाकली होती.

“सापडला बेटा!” बाईंनी टेबलावर थाप मारली, तसा दप्तरखान्याचा शिपाई दचकून जागा झाला. “या कारकुनाची पद्धत बघा. नातं नाही, मान नाही. प्रत्येक घरात आधी कमावते लिहायचे आणि मग खाणारे! काका, तुमची आई दुसऱ्या ओळीत आहे. घरच्या मालकिणीच्याही वर. नदीवर बसायला नाही जायची ती. नाव चालवायला जायची!”

काकांनी आपला तळहात उघडून समोर धरला, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं.

“हात खरखरीत होते तिचे,” ते हळूच म्हणाले. “झोपवताना गालावरनं फिरवायची तर ओरखडे उठायचे. मी म्हणायचो, नको हात लावू, टोचतं. मला वाटायचं, दुःखानं असे होतात हात.”

“वल्ह्यानं होतात,” बाई म्हणाल्या. आनंद इतका झाला होता की वही बंद करून कुणाला तरी मिठी मारावी असं त्यांना वाटत होतं. जवळ फक्त पुतण्या होता, म्हणून त्यांनी तो विचार सोडला.

पुतण्या मान खाली घालून पानाकडे बघत होता. “दोन वल्ह्यांची नाव होती आजोबांची,” तो म्हणाला. “आम्ही लहानपणी विचारायचो, दुसरं वल्हं कोण मारायचं? तर म्हणायचे, होतं कुणीतरी.” तो काकांकडे वळला. “काका, तुमच्या आईनं आमच्या बापालाही पोसलं की हो!”

“मग?” काका म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. हसता हसता डोळे पुसू लागले, डोळे पुसता पुसता पुन्हा हसू लागले. शिपाईही, काही कळलं नसताना, हसला.

पुतण्यानं पिशवीतून गुंडाळलेला तक्ता काढून टेबलावर पसरला. खिशातलं पेन काढून तो त्या आडव्या रेघेवर वाकला, तोच काकांनी त्याचं मनगट धरलं.

“मी लिहितो.”

त्यांनी सावकाश चष्मा चढवला. ‘नावाडीण’ या चार अक्षरांना मिनिटभर लागलं. ओळ चौकटीबाहेर गेली, काना तर शेजारच्या आजोबांच्या चौकटीत घुसला. लिहून झाल्यावर काकांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि खुर्चीत ताठ बसले.

“आता वाच,” ते पुतण्याला म्हणाले. “तिच्या नावासकट.”

पुतण्यानं वाचलं.

“उभा राहून वाच.”

पुतण्या उठला, आणि त्यानं पुन्हा वाचलं.