मी पुसलेलं हृदय

मी खोडरबर बोलतोय. कंपासपेटीच्या कोपऱ्यात पडलेला, एका बाजूनं झिजलेला. आज मी संतापलोय, तेव्हा गोड बोलणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. वाटलं होतं, आपण लोकांच्या चुका पुसणार. दुकानातून मला एका अबोल मुलीनं घेतलं. वर्गात तिचं तोंड उघडत नसे, पण पेन्सिल थांबत नसे. बाई शिकवू लागल्या की ती पानाच्या मधोमध विषय लिहून त्याला चौकट करायची आणि भोवती चित्रं काढायची. सुबक मुळीच नाहीत. माणूस म्हणजे एक गोल आणि चार रेघा! ऐकलेलं सगळं लिहायची नाही. एखादाच नेमका शब्द, मग बाण. कडेला जागा मोकळी ठेवायची, मागाहून सुचेल त्यासाठी.

तीन दिवसांपूर्वी विज्ञानाच्या तासाला तिनं हृदय काढलं. चार खोल्यांचं घर, एकाच बाजूला उघडणारी दारं आणि दारात ‘मागे फिरायचं नाही!’ म्हणणारा पहारेकरी.

बाईंनी वही उचलून वर्गाला दाखवली. “विज्ञान शिकायला आलीस की घरं बांधायला? खोड सगळं. आत्ता, माझ्यासमोर!”

वर्ग फिदीफिदी हसला. तिनं मला घामेजलेल्या बोटांत धरलं. मला ओरडायचं होतं, ‘अहो, यात चूक कुठंय?’ पण मला विचारतो कोण! पहारेकरी गेला, दारं गेली, चारही खोल्या गेल्या.

“अगं, मी त्यावरूनच अभ्यास करणार होते!” शेजारची मैत्रीण कुजबुजली. “फळ्यावरचं मला ओ की ठो कळलं नाही.”

त्यानंतर दोन दिवस ती बाईंचा शब्दन्‌शब्द उतरवत राहिली. चित्र एकही नाही. मला बाईंचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. चूक नसलेलं मी पुसलं होतं.

आज मैत्रिणीनं तिच्यापुढे पेन आपटलं. “यानं काढ. बघू कोण खोडायला लावतं!”

“आणि चुकलं तर?”

“तर त्याला मिशा काढ आणि पुढे जा!”

ती चक्क हसली. खोडलेल्या पानावर हृदयाचे वळ अजून होते. त्यांवरून तिनं पेन फिरवलं. पहारेकरी पुन्हा उभा राहिला, मिशांसकट.

बाई बाकांमधून इकडेच येताहेत. पोरी, पेटी घट्ट बंद कर. त्यांनी कितीही मागितलं तरी मला बाहेर काढू नकोस.