माझ्या सालीतला लाल रस

गाडग्यावरचं झाकण खळ्ळकन खाली पडलं, तेव्हा कुठे कळलं की घर किती गप्प झालं आहे. सकाळपासून कण्हणारा तान्हा लटारू रडायचाही थांबला होता. झाकण तसंच टाकून त्याची आई सुकरी कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे धावत आली.

मित्रांनो, मी एक जुना बिजा, म्हणजे बिबळ्याचं झाड आहे. अहेरीच्या वाटेवरच्या एका गावात, सुकरीच्या अंगणाच्या कडेला उभा आहे. नुसता उभा, एवढंच आता म्हणायचं.

वाऱ्यानं उडत आलेल्या चपट्या शेंगेतून मी इथे रुजलो. झाडाला पाय नसतात. कीड आली, ऊन भाजू लागलं, तरी पळून जाता येत नाही. म्हणून आम्ही आमचं औषध आमच्याच अंगात करतो. कोवळ्या पानांना उन्हापासून जपणारं, किड्याला तोंडात तुरट लागणारं, जखमेतून बुरशी आत शिरू न देणारं. शिकलेली माणसं या द्रव्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात. माझ्या सालीला खाच पडली की असल्याच तुरट द्रव्यांचा लाल रस पाझरतो, वाळून कडक होतो आणि जखमेवर खपली धरतो. तो मी माझ्यासाठी करतो. पण माणसाचं बिघडलेलं पोटही तो आवळून धरतो, हे गावाला ठाऊक होतं.

तो घ्यायची रीत होती. उगवतीच्या अंगाला बोटभर खाच, वाटीच्या तळाला लागेल एवढा रस, मग वर शेणमातीचा लेप. ती जखम भरेपर्यंत दुसरी खाच नाही. सुकरीची सासू गुणाबाई लेप लावून झाला की बुंध्यावर हात ठेवायची. "झालं बापा, आता नाई देत तुले तरास." तेवढ्या मायेवर माझी कितीतरी वर्षं गेली.

त्या श्रावणात लटारूला हगवण लागली. अजून दात यायचे होते त्याला. बाप इस्तारी धानाच्या रोवणीला परगावी गेलेला, नदी फुगलेली, दवाखान्याची वाट बंद. आदल्या दिवशी गुणाबाईनं रीतीनं खाच घेतली होती. पोट थांबलं नव्हतं.

आता सुकरीची कुऱ्हाड बुंध्याभोवती फिरू लागली.

"सुकरे, चारी बाजूनं नको सोलू वं! झाड मरंल!" गुणाबाई ओरडली.

"मरू दे! काल एक खाच मारली, काय झालं? मले सारा रस पाह्यजे. झाड मोठं का माहा पोरगा मोठा, सांगा तुमीच!"

गुणाबाईनं वाटी पुढे धरली.

मी दिला, मित्रांनो. होता नव्हता तेवढा दिला. सुकरीनं तो पाण्यात कालवून बोटानं लटारूच्या ओठांना लावला. पोट खरंच आवळलं. पण त्या इवल्या अंगातलं पाणी आधीच सरलं होतं. वाहतं ते मला थांबवता येतं, वाहून गेलेलं परत आणता येत नाही. दिवस मावळायच्या आत लटारू गेला.

एका अंगाची जखम मी भरून काढतो. पण सभोवार साल गेली की पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. पानं बरेच दिवस हिरवी राहिली. गावाला वाटलं, झाड वाचलं. खाली मुळं उपाशी मरत होती. मग शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या.

मित्रांनो, औषधाला खुशाल या, पण झाडाला असा वेढा घालू नका. आणि लेकराला हगवण लागली तर त्याला पाणी, पेज पाजत राहा. एकट्या माझ्यावर विसंबू नका.

उन्हाळ्यात सुकरी माझ्या वाळक्या फांद्या मोडायला आली. सोबत तिची थोरली लेक गोकुळा होती. बुंध्यावरच्या काळ्या-लाल खपलीवर तिनं बोट फिरवलं.

"माय, याचं सारं रगत लटारूले पाजलं ना आपण?"

"हो वं."

"मंग दोघंबी काऊन गेले?"

सुकरीच्या हातातली फांदी अर्धी मोडून तशीच राहिली.