निळ्या खुणेचं समन्स

बसा, बसा. घाईत आहात, मान्य. पण कोर्टातली अशी एक गोष्ट सांगतो की उठावंसं वाटणार नाही. मधे टोकायचं मात्र नाही.

तर आपला कडीमामा. कोर्टात बेलीफ. समन्स घेऊन दारोदार फिरायचं, कडी वाजवायची, कागद हातात द्यायचा, सही घ्यायची. बावीस वर्षं हेच. कोणी दार तोंडावर आपटायचं, कोणी पाणी विचारायचं. एका पठ्ठ्यानं तर मामाला मिठीच मारली, त्याला वाटलं खटला जिंकला. कागद बघितल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, याचं मामाला भारी कुतूहल.

मग नवा नियम आला. समन्स फोनवर. मेसेज गेला, दोन निळ्या खुणा उमटल्या, की माणसानं वाचलं असं धरायचं. मामाला खुर्ची मिळाली. काम काय, तर निळ्या खुणांचा फोटो छापून फाइलीला लावायचा. नाझर, म्हणजे बेलीफांचा साहेब, म्हणाला, "मामा, आता तुमचे पाय सुजायचे नाहीत."

मामा म्हणाला, "हो साहेब. बसून बसून दुसरंच काहीतरी सुजेल."

एक दिवस फाइल आली, त्यावर नाव ओळखीचं. टाचणीमावशी, वरच्या मजल्यावर शिवणकाम करते ती. दावा लावलेला तिच्या सख्ख्या दिरानं. खालचा मजला त्याचा. जिना माझ्या हद्दीत आहे, हिला चढू देऊ नका, असं त्याचं म्हणणं. आता वर जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे जिना गेला की मावशीचं मशीन वर आणि मावशी रस्त्यावर.

समन्सला निळ्या खुणा पडल्या होत्या महिन्याभरापूर्वीच्या एका मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी. तरी मावशी तारखेला आली नाही. मग न्यायाधीशबाईंनी दावा एकतर्फी चालवायचा हुकूम केला. पुढची तारीख गुरुवारची. दीर सांगणार, कोर्ट ऐकणार, झालं.

मामाच्या डोक्यात किडा वळवळला. जी बाई सांगितल्या दिवसाच्या दोन दिवस आधी कपडा तयार ठेवते, ती कोर्टाची तारीख चुकवेल कशी? आणि वाचलं तेव्हा चेहरा कसा झाला असेल तिचा? त्याला राहवेना. कोर्ट सुटल्यावर तडक गेला, जिना चढला, कडी वाजवली.

"मावशी, समन्स वाचलंत तेव्हा काय वाटलं हो?"

मावशीच्या ओठांत चार टाचण्या. त्या एकेक काढून म्हणाली, "कुठलं समन्स?"

फोन काढला. विजेचं बिल आणि कसल्या कसल्या जाहिराती, त्यांच्या खाली तो मेसेज. उघडलेला. मावशीनं वाचला. जो चेहरा बघायला मामा आला होता तो समोर होता, आणि आता बघवेना.

"त्या मंगळवारी अकराला कुठे होतात?"

"इथंच. पण फोन नव्हता हो माझ्याकडे. इस्त्री पडली त्याच्यावर, काच फुटली. दोन दिवस दुरुस्तीला टाकलेला."

दोघं तसेच दुरुस्तीवाल्याकडे. डोळ्याला भिंग लावून बसलेला टकलू माणूस. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काच बदलली की टच चालतो का ते बघायला नको? वरपासून खालपर्यंत एकेक मेसेज दाबत जातो. कोपऱ्यात मरतो टच."

"आणि वाचतोस?"

"दिवसाला पंधरा फोन, मामा. वाचत बसलो तर गावच्या सासवा पाठ होतील मला."

"हेच कोर्टात येऊन सांग."

"वेड लागलंय का? मी मेसेज उघडतो हे लोकांना कळलं, तर दुकानात कुत्रं फिरकायचं नाही."

मावशी त्याच्या सदऱ्याची उसवलेली बाही बघत होती. हळूच म्हणाली, "राहू दे रे. तुझ्या पोटावर पाय कशाला. मीच सांगते बाईंना, बघू मानतात का."

भिंगवाला गुरुवारी आला. शिव्या घालत आला, पण मामाला. मावशीला नाही.

मावशीनं अर्ज दिला, हुकूम मागे घ्या, माझंही ऐका. भिंगवाल्यानं साक्ष दिली. दिराचा वकील हसला. "मॅडम, मेसेज उघडला पण वाचला नाही, हे कोणाला पटेल?" आणि खिशातून स्वतःचाच फोन काढून, कुलूप उघडून त्याच्या हातात दिला. "दाखव बरं, कसा तपासतोस." वकील हुशार, पण त्या दिवशी जरा जास्तच झाला.

भिंगवाल्याचा अंगठा सुटला. दहा सेकंदांत सतरा मेसेज उघडले, मागे आला, फोन परत. "वरचा उजवा कोपरा गेलाय साहेब. आपटलात का कुठे?"

सगळे हसले. बाई नाही हसल्या. "काय लिहिलं होतं त्यांत?"

"मला काय ठाऊक, बाई?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून दीर उठला, हातात फोन. त्याला वाटलं आपण मदतच करतोय. "वकीलसाहेब, सकाळपासून वाट बघत होतो. आत्ता वाचलात ना माझा मेसेज? मग बोला की ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय लिहिलंय तुमच्या पक्षकारानं?"

वकील एकदा फोनकडे बघतोय, एकदा दिराकडे. "मी... अजून वाचलं नाही, मॅडम."

"पण खूण तर निळी झाली."

एकतर्फीचा हुकूम तिथंच रद्द झाला. मावशीला म्हणणं मांडायला मुदत मिळाली. आणि खूण निळी होऊनही माणूस हजर झाला नाही, तर बेलीफानं एकदा दारावर जाऊन यायचं, असं बाईंनी नाझराला बजावलं. दिरानं लिहिलं काय होतं ते मात्र मामाला अजून कळलेलं नाही. वकिलाला जिथं भेटेल तिथं विचारतो.

पण दावा संपलेला नाही बरं. तो जिना वर्षानुवर्षं सगळे चढतात, हे मावशीला आता शाबीत करायचंय. घरच्याच माणसानं सांगून भागत नाही, बाहेरचं कोणीतरी लागतं. तुम्ही किती वर्षं चढताय तो जिना? लेकाच्या शाळेच्या कपड्यांपासून ना? मग येत्या सोमवारी अकरा वाजता कोर्टात या, आणि एवढंच सांगा बाईंना.