गाडीवरचा शब्द

"गाडी मागे घे, नाहीतर काच फोडीन!" मावशी खिडकीतून ओरडली. माझी सख्खी मावशी. लहानपणी माझं नाक पुसणारी.

बावीस वर्षं मी सरकारी रुग्णवाहिका चालवतोय आणि मला ही नोकरी आवडते. माणूस वेळेत पोचवला की जेवण गोड लागतं. पण या साथीत माझी गाडी गल्लीत शिरली की धडाधड कड्या लागायच्या. घरात मावशीचे यजमान, माझे काका, तीन दिवस तापाने फणफणलेले. या रोगात चौथ्या दिवसापर्यंत दवाखान्यात आलेला बहुतेक वाचतो. सहाव्या दिवशी आलेला वाचत नाही.

शेजारी वहीवाली बाई बसली होती. माणसं कशी राहतात, कशाला भितात, याचा अभ्यास करणारी. मानववंशशास्त्र म्हणे. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी आपल्या डोक्याची कटकट माझ्या गाडीत टाकली होती. आठवडाभर ती लोकांच्या दारात बसून नुसती ऐकत होती. मला वाटायचं, फुकटचा पगार.

ती उतरली, लांबच उभी राहिली. "मावशी, का नको म्हणता?"

"गाडीवर काय लिहिलंय ते वाचा की! यांनी तीस वर्षं गोदामाची राखण केली, एक खिळा गेला नाही. त्यांना संशयित म्हणता?"

मी उतरून पाहिलं. 'संशयित रुग्ण वाहन'. बातम्यांत संशयित कोण असतो? चोर, नाहीतर खुनी. आणि भोंग्यावरून मीच रोज बोंबलत होतो, 'संशयितांना आमच्या ताब्यात द्या!'

बाईने डॉक्टरसाहेबांना स्पीकरवर फोन लावला. "एकवीस घरांत हेच ऐकलंय. लोक रोगाला कमी आणि या शब्दाला जास्त घाबरतात. आजच काढा."

"अहो, तो शास्त्रीय शब्द आहे. वरून परवानगी लागेल."

माझं टाळकं सटकलं. मी फोन ओढून घेतला. "वरून परवानगी येईपर्यंत काका वर जातील, साहेब!"

साहेबांनी आवाज खाली आणला. मग, "तुम्ही काय करता ते मला काही माहीत नाही."

खुर्चीवरच्या माणसाची हिंमत एवढीच. मी पाना घेतला आणि पहिला शब्द पत्र्यापर्यंत खरवडला. राहिलं 'रुग्ण वाहन'. मग भोंगा घेतला. "मावशी, काकांना तपासायला न्यायला आलोय. तुमचा भाचा बोलतोय. चुकलं माझं."

"गाढवा, हे आधी बोलायला काय झालं होतं?"

कडी निघाली. मी अंगभर पोशाख चढवून स्ट्रेचर काढलं. काकांनी हातानेच नको म्हटलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत डोकी होती. काका भिंत धरून उंबऱ्यात थांबले, बोटांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण शोधलं. मावशीचा हात पुढे आला, तो काकांनी बाजूला केला.

"राहू दे. मी लावतो."

दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बसलं. मगच त्यांनी रस्त्यावर पाय ठेवला.