दोघींचे आभार

थोरल्या जावेने मुलाखतीहून येऊन चप्पल काढली आणि पाणीसुद्धा न पिता फोन हातात घेतला. डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर एकच जागा होती आणि ती तिला हवी म्हणजे हवीच होती. ज्या कुरिअरच्या ऑफिसात ती काउंटरवर होती ते बंद पडल्यापासून ती घरात नुसती भांडी आपटत होती. 'वेळ दिल्याबद्दल आभार. टेबलापुढे गर्दी झाली की माझं डोकं जास्त शांत चालतं, हे सांगायचं राहून गेलं,' असं मॅनेजरबाईंना लिहून तिने पाठवूनही दिलं. ही तिची जुनी सवय. लाडीगोडी नाही, शेवटचा शब्द आपला असावा एवढंच.

पंचाईत वेगळीच होती. त्याच जागेसाठी धाकटी जाऊही मुलाखत देऊन आली होती. अर्ज भरायला थोरलीनेच लावलं होतं, 'अनुभव तरी येईल' म्हणून. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय!

"ताई, माझेही आभार लिहून द्या ना," धाकटी ओट्याला टेकून म्हणाली. "मला दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटतो. तसाही मी सगळा घोळच घालून आलेय."

"काय केलंस?"

"बाई प्रश्न विचारत होत्या आणि काचेबाहेर एक आजोबा दिसले. डोळ्यांत औषध घातलेलं, भिंत चाचपडत चालले होते. मी उठले, त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं, मग परत आले. मुलाखत अर्धी टाकून कोणी उठतं का?"

थोरलीला लगेच कळलं, जागा हिलाच मिळणार. त्या टेबलाला आणखी कसली बाई हवी असते? आणि ही वेडी त्यालाच घोळ म्हणत होती! तिने धाकटीचा फोन घेऊन भराभर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मध्येच उठले, त्याबद्दल माफी असावी. वेळ दिल्याबद्दल आभार."

"किती छान लिहिता हो तुम्ही!"

ते 'किती छान' थोरलीला झोंबलं. माफी मागितली की बाईंनाही तो गुन्हाच वाटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मागितली होती. तिला स्वतःची लाज वाटली, मग संताप आला. इतकी वर्षं काउंटर सांभाळला तो काय हिच्या पायात पाय घालून जिंकायला? तिने सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं: 'मी मध्येच उठले. पुन्हा कोणी तसं दिसलं तर पुन्हा उठेन. वेळ दिल्याबद्दल आभार.'

"अगंबाई! उर्मट नाही का वाटणार?"

"वाटू दे," म्हणत थोरलीने स्वतःच बटण दाबलं. मन फिरायच्या आत.

आठवडा उलटायच्या आत धाकटीला फोन आला. थोरलीला आला तो नुसता मेसेज, या वेळी जमलं नाही म्हणून. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा धाकटी अंग चोरून दारातच उभी होती. थोरली तिच्या बाजूने गेली, खुर्ची ओढून बसली आणि लिहायला लागली: 'कळवल्याबद्दल आभार. तुम्ही निवडलेली बाई चांगली आहे, मी ओळखते तिला. पुढची जागा निघाली की पहिला फोन मला करा.'

"नाही म्हणाल्या, तरी आभार?" धाकटीने डोळे पुसत विचारलं.

"या वेळी नाही म्हणाल्यात. आता तू तिथे आहेस, कान उघडे ठेव. कोणी सोडून चाललंय असं कळलं की आधी मला सांगायचं. आणि तू रडू नकोस. माझं रडून झालंय."