मला ऐकू आलेली हजेरी

मित्रांनो, जुईनगरच्या एका घरात, कपाटाच्या खालच्या खणात पडून असलेला मी एक जुना टॅब आहे. कुठल्या कारखान्यात माझे भाग जोडले गेले, ते आठवत नाही. आठवते ती ज्ञानेश्वरी. ऐरोलीच्या एका कंपनीत काम करणाऱ्या या मुलीने मला तिच्या वडिलांसाठी आणले.

वडील शहाजी, घरातले आबा, घाऊक बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम होते. रोज सकाळी ते हजेरी घेत. नाव पुकारले की समोरून 'हाय', म्हणजे हजर आहे, असे उत्तर येई. घरीही हाक मारायची त्यांची हीच रीत. अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे त्यानंतर आवाज नाही.

ते साथीचे वर्ष होते. वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव होता. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी माझ्या पडद्यावर जमायचे आणि आबांचा आवाज शेवटचा ऐकून घ्यायचा, असे ठरले. त्यासाठी ज्ञानेश्वरीने आधीच्या आठवड्यात मीटिंगची तीन ॲप्स वापरून पाहिली. पहिल्यात चित्र अडकत होते. दुसऱ्यात सगळे गोंगाटात बुडाले. तिचा भाऊ देवजी जासईच्या कंटेनर यार्डातून बोलत होता, त्याच्यामागे ट्रेलरचे हॉर्न. आबांची थोरली बहीण राजाबाई साताऱ्याकडच्या गावातून, तिच्यामागे कोंबड्या. तिचे तर नुसते कपाळच दिसत होते.

"आत्या, फोन जरा खाली धर."

"असू दे. शहाजीचा आवाज मला कपाळानं बी ऐकू येईल."

तिसरे ॲप मागचा गोंगाट आपोआप गाळत होते. हॉर्न गेले, कोंबड्या गेल्या. "हेच ठेव, एक नंबर," देवजी म्हणाला. मला फार अभिमान वाटला. आबांना कमी बोलायला सांगितले होते, म्हणून चाचणीत ज्ञानेश्वरीने त्यांना बोलू दिले नाही. त्यांच्याऐवजी माझ्यासमोर ती स्वतःच बोलली.

ती संध्याकाळ आली. सिस्टरने मला आबांच्या पलंगावर उशीला टेकवून ठेवले. सगळे पडद्यावर जमले. आबा घासलेल्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देवजी." थांबले. "राजाक्का." मला दोन्ही नावे स्पष्ट ऐकू आली. पण माझ्या आतल्या चाळणीला तो माणसाचा आवाज वाटलाच नाही. पंख्याची घरघर समजून तिने तो गाळून टाकला.

"आबा, आवाज येत नाहीये," ज्ञानेश्वरी म्हणाली.

आबांनी जोर लावून पहिल्यापासून नावे घेतली. देवजी नेटला शिव्या देत होता. ज्ञानेश्वरी मान खाली घालून सेटिंग शोधत होती, आणि नेमके तेव्हाच आबांनी तिचे नाव घेतले. ते थांबले. उत्तर आले नाही. तिसऱ्या खेपेला नुसता श्वास निघाला.

आत्या पडद्याजवळ येऊन त्यांचे ओठ पाहत होती. "माझं नाव घेतलं त्यानं," ती म्हणाली. "हाय रं शहाजी. मी हाय."

आबांनी मान हलवली. तेवढ्यात सिस्टर आली, "काका, पुरे आता," म्हणाली आणि तिने मला बंद केले. ज्ञानेश्वरीने वॉर्डात फोन लावला. आता त्यांना बोलायला लावू नका, एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर आबा दीड वर्ष जगले. पाटीवर लिहून सांगत. त्या संध्याकाळबद्दल त्यांनी कधी काही लिहिले नाही, आणि तिनेही विचारले नाही. महिनाभराने तिला ॲपमधले ते गोंगाट गाळायचे बटण सापडले. मग तिने मला खणात ठेवले. आबा गेले तेव्हा माझ्यातले त्यांचे जुने फोटो उतरवून घ्यायला तिने मला एकदाच बाहेर काढले होते. आता माझी बॅटरी फुगली आहे.

मित्रांनो, दूरच्या माणसांना एकत्र जमवायचे असेल तर साधन आधी जरूर तपासा. पण आपल्या खणखणीत आवाजावर तपासू नका. ज्याला ऐकायला सगळे येणार आहेत, त्यालाच आधी दोन शब्द बोलू द्या. त्याचा आवाज कितीही बसलेला असो, तेवढ्याने तो संपणार नाही.

आबांनी घेतलेले ज्ञानेश्वरीचे नाव फक्त मी ऐकले आहे, आणि मला ते तिला सांगता येत नाही.