गुलसूनच्या गोळ्या

कागदी पट्टीची कड कात्रीनं सरळ कापलेली... सायराकूल ती बोटानं चाचपत राहिली. नवऱ्याच्या, टोक्तोसूनच्या कोटाच्या खिशात सांधेदुखीवरच्या ब्युटाडिऑनच्या गोळ्या! टोक्तोसून असला कागद दातांनी फाडतो; कात्री घेणारे हात दुसरे — गुलसूनचे. वस्तीवरच्या दवाखान्यातली नर्स, आता विधवा. दवाखाना बंद पडला तेव्हा कपाटातली उरलीसुरली औषधं घरी नेऊन बसलेली. म्हणजे हिवाळ्यापासून त्याच्या गुडघ्यांचं कण्हणं थांबलं ते आपल्या हातांनी नाही. रोज संध्याकाळी मेंढीची चरबी कढवून आपण चोळत होतो, आणि तो डोळे मिटून म्हणत होता, "बरं वाटतंय गं" — ते बरं वाटणं त्या घरून आणलेलं होतं! तिथं चहा होत असेल. ती विचारत असेल, नेमकं कुठं दुखतं? आणि तो सांगत असेल, आपल्याला कधीच न सांगितलेलं...

दुपारी ती नारिन शहरातल्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानातल्या बाईनं पट्टी उलटीसुलटी केली.

"मावशी, हे कुठून उकरून काढलंत? आता कुणी देत नाही हे. रक्त नासतं यानं. कुणी घेत असेल तर आधी थांबवा, आणि रक्त तपासून घ्या."

घरी आली तर टोक्तोसून अंगणात उकिडवा बसून चहाचं पाणी तापवायच्या समोवारात ढलप्या घालत होता. उकिडवा... असा बसलेला त्याला तिनं कधीपासून पाहिलं नव्हतं.

"गुलसूनच्या गोळ्या बंद करा. रक्त नासतं त्यानं."

तो दचकला, मग हसला. "गोळ्या नासक्या, की गुलसून?"

"औषधवाली म्हणाली. उद्या रक्त तपासायला जायचं."

"आणि गुडघे पुन्हा धरले तर?"

"मी आहे ना चोळायला."

त्यानं आणखी एक ढलपी समोवारात टाकली. "बरं. जाऊ," म्हणाला आणि उठला — तिच्या खांद्याचा आधार न घेता, सहज — आणि आत गेला.

खांदा मोकळाच राहिला. थोडेच दिवस, तिच्या मनात आलं, मग पुन्हा हात टेकेल... आणि ती जागीच थिजली. दुखणं परत येण्याची वाट बघतोय का आपण? औषधवालीनं 'नासतं' म्हटलं तेव्हा भीती वाटली होती, खरंच वाटली होती — पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, आपल्याला आनंद झाला होता.

आतून त्यानं चहाला हाक मारली. ती वाकून समोवारात ढलप्याच घालत राहिली.